कोकणातलं मे महिन्याचं लग्न, सैल अंबाडा आणि स्प्रेचा डबा

पार्श्वभूमी

मी पुण्यात नवरीचा मेकअप आणि केस करते. हे प्रकरण माझ्याच एका कामाचं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही बारीक तपशील वगळले आहेत.

नवरी अठ्ठावीस वर्षांची, नोकरीला पुण्यात, मूळ गाव रत्नागिरीजवळ. लग्न गावाकडच्या मंगल कार्यालयात, मेच्या तिसऱ्या आठवड्यात. मुहूर्त दुपारी 12 वाजून 20 मिनिटांचा. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन. कार्यालयाला एसी नाही, उंच छत आणि भिंतीवर मोठे पंखे.

केस कमरेच्या जरा वर, काळे, सरळ आणि अगदी बारीक. असे केस बघणाऱ्याला हेवा वाटावा असे असतात, पण पिन लावली की पिनच घसरून खाली येते.

पहिल्याच भेटीत तिनं सांगितलं, "ताई, मला माझ्यासारखंच दिसायचंय. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात तिच्या डोक्यावर टिचकी मारली तर टक्‌ वाजायचं." सैलसर अंबाडा, त्याला गजरा, कपाळाशी दोन-चार मोकळ्या बटा, एवढंच तिला हवं होतं. शेजारी तिची आई बसली होती. काकूंचं म्हणणं वेगळं. "मोकळं काय ते तुमचं तुम्ही बघा, पण चार वाजेपर्यंत एक केस हलता कामा नये. आमच्याकडे फोटो संपता संपत नाहीत."

दोघींना मी एकाच दमात "हो" म्हणून बसले. या प्रकरणातली पहिली चूक तीच, आणि ती लग्नाच्या तीन महिने आधी झाली.

फेब्रुवारीत पुण्यात ट्रायल केली. टाँगनं, म्हणजे तापणाऱ्या सळईनं, केस वळवले, बोटांनी मोकळे केले, मागे अंबाडा बांधला आणि वरून कडक पकडीचा स्प्रे मारला. सकाळी अकराला केलेले केस संध्याकाळी सातपर्यंत जसेच्या तसे राहिले. तिनं फोटो पाठवले, काकूंनी अंगठा दाखवला, माझ्या वहीत "ट्रायल पास" अशी नोंद झाली.

अडचण

सीमांतपूजनाला अर्धे केस वर आणि अर्धे वळवून मोकळे, असं ठरलं होतं. संध्याकाळी साडेपाचला मी कर्ल केले, तोच डबा, तोच हात. साडेसहाला व्याही मंडळींचं स्वागत चालू असताना लांबून पाहिलं तर कर्ल उतरून नुसते बाक राहिले होते. जवळ गेले तर मानेवरचे केस एकमेकांना चिकटून दोऱ्या झालेल्या. हात लावला तर गुळाच्या पाकात बोट घातल्यासारखं वाटलं.

मग मी तेच केलं जे घाबरलेला माणूस करतो. तिला बाजूला नेऊन आणखी स्प्रे मारला. कोपऱ्यात बसलेली आजी म्हणाली, "काय गो, ढेकणांचं औषध मारतेस काय तिच्या डोक्यात?"

आजींचं फार चुकलं नव्हतं. हे फवारणीचे डबे वापरात आले तेच मुळी दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकी सैनिकांना डासांपासून वाचवायला. युद्धानंतर तेच तंत्र सौंदर्यप्रसाधनांकडे वळलं, आणि सुरुवातीच्या केसांच्या स्प्रेमध्ये तर लाखही असायची, बांगड्यांची असते तीच.

पुढे जे झालं ते अजून आठवतं. एका मावसबहिणीनं मायेनं तिच्या केसांतून कंगवा फिरवला आणि जांभळ्या साडीच्या खांद्यावर पांढरा भुगा पडला. आत्याबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "कोंडा झालाय का ग तुला?" नवरी हसली, पण माझ्याकडे बघून नाही.

स्प्रे नेमकं करतो काय

रात्रीचा निर्णय कळायला हे थोडं समजून घ्यावं लागेल. डब्यात राळेसारखा एक पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो आणि तो बाहेर ढकलायला दाबाखालचा वायू, बहुतेक वेळा ब्यूटेन-प्रोपेनच्या जातीचा. फवारा केसांवर बसला की अल्कोहोल उडून जातं आणि राळ उरते. तिचे थेंब जिथे दोन केस एकमेकांवरून जातात तिथे ओढले जातात आणि वाळून बारीक टाके घालतात. स्प्रेची पकड म्हणजे हे टाके. वाळल्यावर कंगवा फिरवला की टाके तुटतात, आणि तुटलेल्या राळेचा भुगा म्हणजे आत्याबाईंचा कोंडा.

यातली मेख अशी की केसाला वळण स्प्रे देत नाही. केसाच्या आत काही बंध असे असतात जे पाण्यानं किंवा उष्णतेनं सुटतात आणि कोरडं-थंड झाल्यावर नव्या जागी बसतात. टाँगनं आपण एवढंच करतो. दमट हवेत केस हवेतलं पाणी ओढून घेतो, ते बंध पुन्हा सैल होतात आणि केस आपल्या मूळ चालीवर जातो. वरच्या राळेनं त्याला धरून ठेवावं अशी आपली अपेक्षा, पण काही राळा स्वतःच पाणी शोषतात आणि मऊ, चिकट होतात.

पुण्यात फेब्रुवारीच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की ओला टॉवेल तासाभरात वाळतो. रत्नागिरीला मेमध्ये तोच टॉवेल दुसऱ्या दिवशीही दमट लागतो. माझी ट्रायल पास झाली होती ती पुण्याच्या हवेत.

रात्री समोर असलेले पर्याय

जेवणं उरकल्यावर साडेदहाला आम्ही पडवीत बसलो. नवरी, काकू, आत्याबाई, माझी मदतनीस आणि मी. लाईट गेली होती, म्हणून मोबाइलच्या उजेडात.

बोलता बोलता नवरी सहज म्हणाली, "एप्रिलमध्ये मी स्मूदनिंग करून घेतलं ना, लग्नात केस छान दिसावेत म्हणून. त्यानं काही फरक पडतो का?"

पडतो. स्मूदनिंग म्हणजे केसाला सरळ राहायचं शिकवून ठेवणं, आणि मी त्याच केसाला तासाभरात वळायला सांगत होते. ट्रायलनंतर केसच बदलले होते, आणि मी विचारलं नव्हतं. दमट हवेचा दोष किती आणि स्मूदनिंगचा किती हे वेगळं काढता येणार नव्हतं, आणि त्या रात्री त्याची गरजही नव्हती.

पहिला पर्याय काकूंचा: अजून कडक स्प्रे आणा, रत्नागिरीत मिळेल. मी नाही म्हटलं. राळ वाढली की चिकटपणाही वाढणार, आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर अक्षता पडणार होत्या. कुंकवात घोळलेले तांदूळ चिकट केसांत बसले तर फोटोत काय दिसेल याची कल्पना काकूंनाही आली आणि त्या गप्प झाल्या.

दुसरा पर्याय घट्ट खोप्याचा. आत भरण घालून, जाळी लावून, तेलपाणी केल्यासारखा चापून बसवायचा. हा सर्वांत सुरक्षित होता. माझी सोय बघितली असती तर मी हाच घेतला असता, आणि खरं सांगायचं तर पाच मिनिटं मी त्याचीच वकिली करत होते. नवरी काही बोलली नाही. तिनं फक्त मोबाइलवरचा बहिणीचा फोटो माझ्यासमोर धरला.

तिसरा आत्याबाईंचा: साखरेचं पाणी. त्यांच्या तरुणपणी नाटकात काम करणाऱ्या बायका लावायच्या म्हणे. साखरेचं पाणी वाळल्यावर केस धरतं हे खरं आहे. पण कोकणात, मे महिन्यात, मुंग्यांच्या राज्यात? आत्याबाईंनी स्वतःच हसून तो पर्याय मागे घेतला.

चौथा मला हळूहळू सुचत गेला. कर्लचा हट्ट सोडायचा. अंबाड्याचा आकार वळवलेल्या केसांतून न काढता पेडांतून काढायचा, कारण पेड हवेवर अवलंबून नसतो, तो गुंफणीवर टिकतो. स्प्रे फक्त ठरावीक जागी, टाका घालावा तसा. आणि कपाळाच्या बटा? त्या उतरणारच असं गृहीत धरायचं आणि नवरीला आधीच सांगायचं.

मी तिला विचारलं, "अंबाडा चार वाजेपर्यंत टिकवते. बटा जेवणापर्यंत सरळ होतील. चालेल?"

"माझे केस सरळच आहेत ना, ताई."

हे उत्तर मला फेब्रुवारीत मिळालं असतं, प्रश्न विचारला असता तर.

काय केलं

रात्री अकराला डोकं धुतलं, शाम्पू दोनदा, म्हणजे राळ पूर्ण निघावी. कंडिशनर फक्त टोकांना. धुण्याआधी कोरडे केस विंचरू दिले नाहीत. स्प्रेचे केस आधी ओले करून मग सोडवायचे असतात, नाहीतर टाक्यांबरोबर केसही तुटतो. बारा वाजता लाईट आली तेव्हा मुळापर्यंत ड्रायर फिरवला आणि सहा सैल वेण्या घालून तिला झोपायला पाठवलं. केसात ओल राहिली असती तर त्या हवेत सकाळपर्यंत वाळली नसती.

मग मी माझ्याकडचे दोन्ही डबे घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली. हे काम मी इतक्या वर्षांत धड केलं नव्हतं. "एक्स्ट्रा स्ट्राँग" लिहिलेल्या डब्यात पीव्हीपी वरच्या क्रमांकावर होतं. ही राळ वाळली की कडक होते, पण पाण्याची तिला भारी ओढ. दुसऱ्या, हलक्या पकडीच्या डब्यात ऑक्टिलअ‍ॅक्रिलामाइड आणि अ‍ॅक्रिलेट्स अशी लांबलचक नावं होती. ही जात दमट हवेला बरी तोंड देते. म्हणजे कोकणासाठी हलका म्हणून मी मागे ठेवलेला डबाच कामाचा होता. "स्ट्राँग" हा शब्द कोरड्या हवेतला होता.

सकाळी सातला सुरुवात केली. वेण्या सोडल्यावर केसांना थोडा फुगारा आला होता, तेवढा पुरे. डोक्याच्या मागच्या भागात, वरचा थर बाजूला घेऊन, आतल्या केसांना फक्त मुळाशी क्रिम्पिंग केलं, म्हणजे गरम चिमट्यात दाबून बारीक नागमोडी घड्या पाडल्या. ते बाहेरून दिसत नाही, पण घसरड्या केसांत पिनेला धरायला जागा मिळते. माझ्या मते बारीक केसांवर स्प्रेपेक्षा याचाच जास्त उपयोग होतो, आणि नवीन मुली नेमकं हेच टाळतात.

बॅककोम्बिंग करताना, म्हणजे केस फुगवायला मुळाकडे उलटा कंगवा फिरवताना, स्प्रे केसांवर न मारता कंगव्यावर मारला. मग तीन सैल पेड, ते एकमेकांत गुंडाळून मानेवर अंबाडा, आणि पिना फुलीच्या आकारात, एकीवर दुसरी अडकवून. पिनांवरही आधी स्प्रे मारून घेतला होता. त्यानं त्या खरखरीत होतात आणि घसरत नाहीत. एकूण एकवीस पिना लागल्या. ट्रायलला नऊ लागल्या होत्या.

बटांसाठी टाँग वापरला, पण गरम बट लगेच सोडली नाही. बोटाभोवती गुंडाळून क्लिप लावली आणि दहा मिनिटं थंड होऊ दिली. गरम असताना सोडलेला कर्ल स्वतःच्या वजनानंच अर्धा उतरतो. थंड झाल्यावर क्लिप काढली, डबा हातभर लांब धरला आणि एकदाच, न थांबता, हात पुढे नेत फवारा मारला. जवळून मारला की थेंब मोठे पडतात, केस ओला होतो आणि वळण तिथेच सुटतं. भांगाच्या बाजूचे उडणारे बारीक केस जुन्या टूथब्रशवर स्प्रे मारून बसवले. वरून सर्वत्र शेवटचा मारा केला नाही. काकू दारातून म्हणाल्या, "झालं? एवढंच?"

आदल्या दिवशी अर्धाअधिक डबा संपला होता. आज सगळं मिळून पंधरा सेकंदही बटण दाबलं नसेल.

दिवसातले तीन अवघड क्षण

पहिला गजऱ्याचा. अबोली आणि मोगऱ्याचा वळेसर ओल्या फडक्यात गुंडाळून आला, अक्षरशः निथळत. तसाच माळला असता तर पाण्यानं खालचे सगळे टाके विरघळले असते. सीमांतपूजनालाही ओला गजराच माळला होता आणि तो जिथे होता तिथलेच केस सर्वांत आधी सुटले होते, हे मला तेव्हा लक्षात आलं. पंच्यावर ठेवून टिपला, पंख्याखाली वीस मिनिटं धरला, मग माळला. फुलांवर स्प्रे मारत नाही. मोगऱ्याचा वास घालवायला नवरीनं गजरा मागवलेला नसतो.

दुसरा औक्षणाचा. मी बटांवर स्प्रे मारत होते आणि दारात काकू-माम्या निरांजनाचं तबक घेऊन हजर. मी जवळजवळ ओरडलेच. अल्कोहोलची वाफ आणि डब्यातला वायू दोन्ही पेट घेणारे आहेत, आणि निरांजन तर तोंडासमोरूनच ओवाळतात. त्यांना वाईट वाटलं, पण मी सगळ्यांना बाहेर थांबवलं, खिडकी उघडली, डबा पिशवीत टाकला आणि दहा मिनिटांनी औक्षण झालं. स्प्रे पूर्ण वाळून वास गेला की ती भीती बरीच कमी होते. फवारा हवेत असताना ज्योत जवळ असणं सर्वांत धोक्याचं.

तिसरा गौरीहराजवळचा. पिवळी अष्टपुत्री नेसून नवरी गौरीहरापुढे बसली होती, शेजारी समई तेवत होती. मुंडावळ्या बांधताना एक बट दबून सपाट झाली. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, जरा स्प्रे मारून घ्या ना, लाइट मस्त आलाय." मामा बोहल्यावर न्यायला येईपर्यंत तिला तिथून उठवायचं नव्हतं. मी बाहेर ओसरीत जाऊन ब्रशवर थोडा स्प्रे घेतला, वास उडेपर्यंत हवेत हलवला आणि आत येऊन फक्त ब्रश फिरवला. बट काही फार उठली नाही. मुंडावळ्याच थोड्या वर घेऊन बांधल्या, त्यानं जास्त काम झालं. पुढे लाजाहोम होता, त्यासाठी तर मी नंतर डबा कार्यालयात ठेवलाच नाही. गाडीतही नाही, कारण मेच्या उन्हात बंद गाडी तापते आणि डब्यावर 50 अंशांच्या वर नेऊ नये असं लिहिलेलं असतं. तो आजींच्या खोलीत, माठाशेजारी बसला.

निकाल

अंबाडा पावणेपाचला मी स्वतः सोडला, तोपर्यंत जागचा हलला नाही. उजवी बट दीड वाजता, म्हणजे पंगतीला बसायच्या आधीच, पूर्ण सरळ झाली. डावी तीनपर्यंत कशीबशी टिकली. भांगाजवळचे बारीक केस घामानं उभे राहिले. ते टूथब्रशनं दोनदा बसवले, तिसऱ्यांदा सोडून दिले. अक्षता डोकं हलवताच झडल्या, भांगात कुंकवाचा थोडा लाल रंग राहिला.

नवरी खूश होती. काकू पूर्ण खूश नव्हत्या. "उजवीकडची बट हलली की ग," असं त्यांनी निघताना ऐकवलंच. सीमांतपूजनाचे पैसे मी घेतले नाहीत. त्या देत होत्या, पण त्या संध्याकाळचे फोटो कायमचे तसेच राहणार होते.

सैल अंबाडा त्या दिवशी टिकला तो पेड, पिना आणि आतल्या क्रिम्पिंगवर. स्प्रेचा त्यात वाटा होता, पण मी ट्रायलला समजत होते तेवढा नाही. उलट जिथे मी निव्वळ स्प्रेवर भिस्त ठेवली, म्हणजे बटांवर, तिथेच हरले.

आज करायचं झालं तर

बटांसाठी टाँगच वापरणार नाही. रात्रीच्या वेण्यांनी जी हलकी लाट आली होती ती तशीच कपाळाशी ठेवली असती तर ती उतरली तरी कुणाला कळलं नसतं. नवरीला नैसर्गिकच हवं होतं, आणि मी नैसर्गिक दिसणारी कृत्रिम बट करत बसले.

घट्ट खोप्याबद्दल माझं मत अजून ठाम नाही. नवरीनं तो फोटो दाखवला नसता तर मी तोच केला असता आणि काकूंनी मला पुढची दोन कामं मिळवून दिली असती. स्मूदनिंग झालेले केस, दमट हवा आणि सात-आठ तास, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर खोपा सुचवण्यात गैर काही नाही. पण तो ट्रायलला सुचवायला हवा, आदल्या रात्री पडवीत नव्हे.

आता माझ्या वहीत ट्रायलच्या पानाखाली एक प्रश्न छापून घेतला आहे, आणि तो लग्नाच्या पंधरा दिवस आधी फोनवर पुन्हा विचारते: ट्रायलनंतर केसांवर काही करून घेतलंत का? रंग, स्मूदनिंग, केराटिन, मेंदी, काहीही. गेल्या महिन्यात एकीनं "नाही" सांगितलं आणि मग म्हणाली, "फक्त बोटॉक्स केलं केसांना." तेही यात आलं, असं आता प्रश्नातच लिहिलंय.

आणि लग्न कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत असेल तर पुण्यातली ट्रायल झाल्यावर मी नवरीला न्हाणीघरात बसवते. गरम पाण्याची बादली भरून, दार लावून, वीस मिनिटं. बाहेर आल्यावर जे उरलं असेल तेच तिला दाखवते. पहिल्यांदा ज्या मुलीवर हा प्रयोग केला ती बाहेर येऊन आरशात बघून म्हणाली, "ताई, याचे पण पैसे घेणार का?"